घोडा हरवलेला माणूस

लॅम रोडवरच्या बंगल्यात तुझे वडील माळी.
साहेब गेला, त्याची बायको गेली,
मागे राहिला एक ग्रामोफोन
आणि मधोमध ओरखडा पडलेली एकच तबकडी.

रविवारी प्रार्थना सुटली की तू ती लावायचीस.
तारेच्या वाद्यावर कुणी परदेशी बुवा
नाकातून, सावकाश, काहीतरी सांगत असायचा,
बैलगाडी चढाला लागावी तसा.
मला इंग्रजी यायचं ते फक्त नोटेवरचं,
म्हणून विचारलं, काय म्हणतोय हा?
तू चिंचेचा कोळ गाळत होतीस.
मान वर न करता म्हणालीस,
‘काही नाही हो पगारे, घोडा हरवलाय त्याचा.’

मग सुई ओरखड्याशी आली.
तोच एक शब्द, तोच एक शब्द,
तोच.
तू उठलीस, बोटानं तिला पुढे ढकललंस,
चिंचेच्या बोटानं.

मी छापखान्यात नोटा तपासायचो.
कोऱ्या शाईचा वास, डोळ्यांची आग,
एखादा आकडा तिरका, एखादी रेघ दुहेरी
की कागद बाजूला.
सुटताना फाटकावर झडती:
खिसे, डबा, चपलांचे तळ.
तुला याचं फार हसू यायचं.
‘आडनाव पगारे, दिवसभर हातात लाखो,
आणि देवळालीच्या बसला सुट्टे नाहीत!’
खरंच होतं ते.
तीस वर्षांत मी आतून काही बाहेर आणलं नाही.
बाहेरून आत जे न्यायचो
ते मात्र त्यांना कधी सापडलं नाही, एस्तेर.

मिरजेच्या दवाखान्यात तुला नर्सची जागा मिळाली.
तू पत्र माझ्या हातात दिलंस, आणि गप्प उभी राहिलीस.
मी ते पत्र नोटेसारखं उजेडात धरलं,
उलटसुलट पाहिलं,
आणि म्हणालो, जा.
आमच्या आईनं देव पाण्यात घातले होते.
त्याच संध्याकाळी तिनं ते पुसून कोरडे केले.

त्यानंतर प्रत्येक गठ्ठ्याला मनात विचारायचो,
बाबा रे, तू कुठं चाललास?
एखादी पाचाची नोट, फिरत फिरत,
मिरजेच्या बाजारात, मेथीच्या ओल्या पाटीवरून
तुझ्या हातात पडली असेल.
तू चार घड्या घालून रुमालात बांधली असशील.
नोटेवर काही लिहायचं नसतं.
म्हणून नुसती पाहायचो,
नियमापेक्षा जरा जास्त वेळ.
एकदा शिंगणेसाहेब मागे येऊन उभे राहिले.
काय पगारे, काही चूक आहे का तिच्यात?
म्हटलं, नाही साहेब.
काहीच चूक नाही तिच्यात.

परवा शेंगा सोलता सोलता गुणगुणत होतो,
पुतण्याची ऊर्वी म्हणाली, आजोबा, हे कुठलं?
फोन तोंडाशी धरला, फोननं ओळखलं.
पावणेतीन मिनिटांचं गाणं.
ओरखडा नाही, काही नाही,
न अडकता सरळ निघून गेलं,
मी अजून मधेच उभा.

घोडा नाहीच म्हणे त्यात.
एक माणूस आहे, एक बाई आहे,
ती निघालीय, आणि तो तिला
हवा-पाण्याचं विचारतोय, गाडीचं विचारतोय,
बोलायचं ते सोडून सगळं.
आणि तो अडकायचा तो शब्द?
ऊर्वीनं मागे नेऊन पुन्हा लावला.
‘तो ना? राहा. राहा म्हणतोय.’

म्हणजे दर रविवारी
तुला तो ऐकू येत होता.

काल चालत गेलो लॅम रोडनं.
बंगल्याच्या जागी सात मजले, खाली गाड्या.
चिंच आहे.
वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे बाबा?
या वयात काय सांगायचं माणसानं.
म्हटलं, माझा घोडा हरवलाय.

तो बिचारा खुर्चीतून उठला,
बॅटरी घेतली,
आणि म्हणाला, कुठपर्यंत पाहिलात?